येताना सूप घेऊन या

रणपिसेभाऊंच्या दुकानात मी पहिल्यांदा पाय ठेवला तो भांडायला. आत पाहते तर सफारी घातलेला साठीचा एक माणूस स्टुलावर बसून हवेत स्टिअरिंग फिरवत होता. डोळे मिटलेले, डावा पाय जमिनीवर नसलेला क्लच दाबतोय. भाऊ काउंटरच्या पलीकडे हाताची घडी घालून उभे होते. ते विचारत होते, आता कुठे आलो. तो म्हणाला, कसारा सोडला, घाट लागतोय. भाऊ म्हणाले, मग गिअर टाका. त्याने टाकला. गाडीत कोण आहे, तर बायको झोपलीय आणि मागे मुलं. वळण आलं, त्याचे हात डावीकडे गेले, आणि त्याच क्षणी त्याच्या नाकातून एक चाल बाहेर पडली. पाच-सहा सूर असतील. भाऊ मागे वळले, फळीवरून एक कॅसेट काढली, लावली. त्या माणसाने डोळे उघडले आणि दोन्ही हात तसेच हवेत धरून तो रडायला लागला.

मी आले होते ताडपत्रीसाठी. त्यांच्या ताडपत्रीचं पाणी माझ्या कोकमाच्या पोत्यांवर पडत होतं आणि मी चांगली तयारी करून आले होते. पण रडणाऱ्या माणसासमोर ताडपत्रीवर भांडता येत नाही. मी परत गेले. माझी पहिली फेरी अशी फुकट गेली आणि ती त्यांनी जिंकली असं मी मनात धरून ठेवलं.

भाऊंना जाऊन आता दीड वर्ष होईल. माझी त्यांच्यावर एक तक्रार आहे. ती सांगायची म्हणून लिहायला बसले आहे, पण तक्रार सांगायची तर आधी माणूस सांगावा लागतो.

मुलुंडला स्टेशनाजवळच्या बाजारगल्लीत आमची दुकानं एकमेकांना लागून. माझं कोकणच्या मालाचं. कोकम, कुळथाचं पीठ, तिरफळं, फणसपोळी. फुटपाथवर टोपली घेऊन बसण्यापासून सुरुवात केली आणि गाळा घेतला तो स्वतःच्या जिभेवर. देवगडचा आंबेवाला असो की पेढीवरचा दलाल, माझ्यासमोर भाव सांगताना आधी घसा साफ करतो. राग माझ्या नाकावर असतो, हे गल्लीला माहीत आहे आणि मी ते नाकारत नाही.

भाऊंचं दुकान एके काळी कॅसेट भरून देण्याचं. पूर्वी लोक गाण्यांची यादी आणून द्यायचे आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायचे, तसलं. काळ बदलला तशी काउंटरवर मोबाइलची कव्हरं आली, चार्जर आले, कॅसेटमधली गाणी पेनड्राइव्हवर टाकून देण्याची पाटी आली. पण माणसं यायची ती वेगळ्याच कामाला. एखादं गाणं अर्धवट आठवतंय, नाव आठवत नाही, शब्द आठवत नाहीत, तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुठेतरी ऐकलंय आणि आता झोपू देत नाही, अशी माणसं. ती अंबरनाथहून यायची, बोरिवलीहून यायची. आणि भाऊ प्रत्येकाला तेच विचारायचे: "तेव्हा हातात काय होतं?"

शब्द सांगायला लागलं की ते हात वर करायचे. "शब्द ठेवा बाजूला. शब्द सगळ्यात आधी नासतात. चालही माणूस आपल्या सोयीनं वाकडी करतो. हात काय करत होते तेवढं सांगा." मूळचे ते साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. बाबासाहेबांच्या जयंतीला गावात पहिला कर्णा लागला तो पाहून मुंबईला आलो, असं सांगायचे. तरुणपणी लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्यांकडे काम केलं, कर्णे झाडाला बांधले, तबकड्या लावल्या. तिथेच त्यांनी पाहिलं होतं की कर्णा चालू असताना बाजूला बसून कोणी गाणं ऐकत नाही. सगळे काहीतरी करत असतात. बाया भाज्या चिरतात, गडी मांडव बांधतात. "म्हणून गाणं कानात राहत नाही बाई. ते हातात जाऊन बसतं. कान विसरतो. हात खोटं बोलत नाही."

घाटकोपरची एक गुजराती बाई खाखरे भाजायचं कापड घेऊन आली होती. भाऊंनी तिला काउंटरवर उताणी ताटली दिली, कापडाने दाबायला लावली, आणि चौथ्या खाखऱ्याला तिचं गाणं निघालं. एक निवृत्त कारकून शिक्के मारत मारत गायला. मी माझ्या गाळ्यातून हे सगळं बघायची आणि चरफडायची. एवढी कला आणि त्याबद्दल घेत काही नाहीत. गाणं शोधून देण्याचं काही नाही, कॉपी करून दिली तर त्याचं. मी त्यांना सांगितलं, अहो, शोधण्याचा भाव लावा, कॉपी फुकट द्या, माणसं दुप्पट येतील. ते म्हणाले, "परबबाई, हरवलेलं पोर घरी पोचवलं तर त्याचं काय घेता?" मी म्हटलं, मी घेईन. ते हसले. भाऊ हसले की त्यांचे खांदे हलायचे, आवाज यायचा नाही.

आवाज त्यांचा एरवी मात्र मोठा होता, आणि वर्षागणिक वाढत होता. त्याचं कारण मला गल्लीत सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तोंड वाचायचं तर माझा धंदाच आहे. समोरचा काय बोलतो त्याआधी काय बोलणार आहे ते मला बघावं लागतं. एक दिवस लक्षात आलं की भाऊसुद्धा तेच करताहेत. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघताहेत. तरुणपणी कर्ण्यांच्या तोंडाशी उभं राहिल्याचं ते फळ होतं. मी कोणाला बोलले नाही. दुसऱ्याच्या मालातली खोट बाजारात बोलून दाखवू नये, एवढं मला कळतं. निदान तेव्हा कळत होतं.

आता माझ्या गाण्याचं.

माझं लहानपण घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत. आई वाण्याचे तांदूळ पाखडून द्यायची. मी दहा वर्षांची असताना ती गेली आणि मला मामाकडे गावी पाठवलं. घरात तिचा फोटो नाही. कधी काढलाच नव्हता. तिचा चेहरा मी आता सांगू शकत नाही. मला आठवतं ते फक्त एक: दारात बसून ती सूप पाखडते आहे आणि गुणगुणते आहे. ओळ खाली खाली येते, विझल्यासारखी होते, आणि मग एकदम वर उडी मारते. त्या उडीबरोबर सुपातले तांदूळ वर उडायचे. मी त्या उडीची वाट बघत समोर बसायची.

मोठ्या भावाला एकदा विचारलं होतं. तो तेव्हा सोळाचा होता, त्याला जास्त आठवायला हवं. तो म्हणाला, आई कधी गायचीच नाही, दिवसभर खोकायची. "तुका सपान पडला असात गो." त्यानंतर मी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. पण मनात भीती बसली की खरंच आपण हे रचलं असेल तर? मग आईचं माझ्याकडे काहीच उरत नाही.

मुलीने फोन पुढे केला होता. म्हणाली, गुणगुण, तो ओळखतो. मी गुणगुणले. फोनने तीन गाणी दाखवली, तिन्ही भलतीच. एक तर लग्नात नाचायचं होतं. भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "फोन ऐकतो. विचारत नाही ना."

ताडपत्रीचं भांडण मिटून तोवर सहा वर्षं झाली होती. पाण्याचा निचरा त्यांच्या बाजूला आणि बांबू माझा, असा सौदा ठरला होता. मग एका दुपारी, बाजार थंड असताना, मी माझ्याच दुकानातलं विकायचं सूप उचललं, त्यात दोन मुठी तांदूळ टाकले आणि शेजारी गेले. स्टुलावर बसून पाखडायला लागले. भाऊ काउंटरवर कोपर टेकून माझ्या हातांकडे बघत राहिले. वीसेक वेळा सूप हललं असेल. चाल आली, खाली गेली, वर उडाली, तांदूळ उडाले.

"परत," भाऊ म्हणाले.

मी परत केलं. त्यांनी फळीवरची "राहिलेली" असं लिहिलेली जाडी वही काढली. ज्यांची गाणी सापडायची नाहीत त्यांची नोंद त्यात असायची. चाळ कुठली, साल साधारण कुठलं, सण कुठला, घरात रेडिओ होता का, असं त्यांनी मला अर्धा तास विचारलं. रेडिओ नव्हता. मग आई शिकली ती मंडळाच्या कर्ण्यावरूनच, असं ते म्हणाले.

आठ दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. चेहऱ्यावरून कळत होतं की सापडलंय. दुकानात त्या वेळी चार-पाच माणसं होती. त्यांनी गाणं लावलं. सुरुवात माझ्या ओळखीची नव्हती, पण ती मला आठवणार कुठून. मग अंतरा आला, आणि ओळ खाली यायला लागली. तीच. अगदी तीच. खाली, आणखी खाली, विझायला आली. मी हात पुढे केले, नकळत, सूप नसतानाही. आणि गाणं भलतीकडेच गेलं. बासरी वाजली, पुढे दोन संथ ओळी आल्या, मग परत बासरी. माझे हात तसेच पुढे राहिले. खूप पुढे, गाणं संपता संपता, एक ओळ वर चढली खरी. पण तोवर माझे हात खाली आले होते.

मी म्हटलं, हे नाही.

भाऊ म्हणाले, हेच. त्यांच्या हिशेबाने सगळं जुळत होतं. साल जुळत होतं, त्या वर्षी सगळ्या मंडळांत ते वाजत होतं, खाली येणारी ओळ जुळत होती, वर जाणारी ओळही त्यात होती. मधलं काय ते आई गाळत असेल, नाहीतर मी लहान होते, दोन तुकडे मीच शिवले असतील. ते हे समजुतीने सांगत होते, पण मोठ्या आवाजात, कारण त्यांना दुसरा आवाज उरलाच नव्हता. सगळी गल्ली ऐकत होती की मी माझ्या आईचं गाणं शिवलंय. दादा जे घरात म्हणाला तेच हे बाजारात म्हणत होते.

मी म्हटलं, तुम्हीच सांगता ना हात खोटं बोलत नाही, मग माझा हात तिथे का उडतो ते सांगा. त्यावर त्यांनी पुन्हा सालाचाच हिशेब काढला. उत्तर नसलेल्या माणसाला कोपऱ्यात धरलं की तो चावतो, हे मला धंद्यावरून माहीत होतं. तरी मी सोडलं नाही. परत परत तेच विचारलं. शेवटी ते म्हणाले, "परबबाई, तुम्हाला गाणं नकोय. तुम्हाला जिंकायचंय."

लोक हसले. आणि मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुमचे कान गेलेत, भाऊ. ऐकू येत नाही तुम्हाला. गाण्यांचं सोडा आणि कव्हरं विका."

त्यांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं. नीट वाचलं. कॅसेट बंद केली, फळीवर ठेवली आणि गिऱ्हाइकाला चार्जर दाखवायला लागले.

त्यानंतर चार वर्षं आम्ही बोललो नाही. दुकानं एकाच भिंतीची. सकाळी शटर उघडताना आम्ही पाठीला पाठ लावून उभे असायचो. त्यांच्याकडून चहाचा ग्लास माझ्याकडे यायचा तो बंद झाला. माझ्याकडून शिमग्याला पुरणपोळी जायची ती बंद झाली. पावसाळ्यात बांबू माझाच होता आणि निचरा त्यांच्याच बाजूला, तेवढा सौदा दोघांनीही पाळला. मी वाट बघत होते की ते येऊन म्हणतील, बाई, चुकलो. ते कशाची वाट बघत होते मला माहीत नव्हतं. दर रविवारी दुपारी ते दुकान बंद ठेवायला लागले. आधी कधी ठेवायचे नाहीत. म्हटलं, धंदा बसला असेल. खोटं कशाला सांगू, मला थोडं बरं वाटलं.

मग एकदा आठ दिवस त्यांचं शटर उघडलंच नाही. नवव्या दिवशी वहिनी, म्हणजे भाऊंच्या बायको, माझ्या दुकानात आल्या. शांत बाई. भाऊंच्या दुकानात त्या मला दोनदाच दिसल्या असतील. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, ह्यांची तब्येत बरी नाही, फुप्फुसात पाणी झालंय, इस्पितळातून परवाच घरी आणलं. तुम्हाला बोलावलंय. मी विचारलं, मला? कशाला?

"ते काही सांगितलं नाही. येताना सूप घेऊन या म्हणाले."

मी गल्ल्यावर दुसऱ्या कोणाला बसवलं नाही. शटर ओढलं, सूप काखेत मारलं आणि वहिनींबरोबर रिक्षात बसले. कांजूरमार्गला त्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भाऊ पलंगावर टेकून बसलेले. निम्मे झाले होते. पलंगाशेजारी टेबलावर जुना रेकॉर्ड प्लेअर. मला बघून त्यांनी वहिनींना खूण केली. वहिनींनी माझ्या सुपात तांदूळ घातले.

मला वाटेत ठरवून आलेलं बोलायचं होतं. मी त्यांच्या समोर, त्यांना ओठ दिसतील असं बसून म्हटलं, भाऊ, त्या दिवशी मी तुमच्या कानांबद्दल बोलले. त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. "मालाबद्दल खरंच बोललात. त्यात काय." कान तोवर पूर्ण गेले होते. यंत्र दिलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून उशीखाली ठेवलेलं.

मग त्यांनी एक तबकडी उचलली आणि मला तिरपी धरून दाखवली. मधल्या भागापासून आतपर्यंत एक आडवा ओरखडा होता, बोटाला लागेल एवढा. आणि ते सांगायला लागले, थांबून थांबून, त्याच मोठ्या आवाजात.

आमच्या डोंगरावर सामान चढवायला लाऊडस्पीकरवाले तयार नसत. एकच जण चढायचा. गणपती असो, सत्यनारायण असो, लग्न असो, वर कर्णा त्याचाच आणि तबकड्यांची पेटीही तीच. तो माणूस केव्हाच वारला होता, पण त्याची मुलगी लग्न होऊन खारदांड्याला गेली होती आणि पेटी तिच्या माळ्यावर, जुन्या जाळ्यांखाली होती. तिचा पत्ता काढायलाच भाऊंना दोन वर्षं लागली. मग ते रविवारी रविवारी खारदांड्याला गेले, तबकड्यांची लेबलं गळून गेलेली, म्हणून तिथे बसून एकेक तबकडी लावून बघितली. ऐकू येत नव्हतं. सुईच्या दांड्यावर बोट ठेवून बसायचे. दांडा सरळ चालला की तबकडी बाजूला. शेवटी एका तबकडीवर बोटाखाली दांडा उडाला, आणि गाणं तेच आहे, असं त्या मुलीने ऐकून सांगितलं.

"ह्या ओरखड्यावरून सुई घसरायची," ते म्हणाले. "दांड्यावर नाणं ठेवलं तरी घसरायची. मधली बासरी, दोन ओळी, सगळं सोडून थेट शेवटाला. नवी तबकडी कोण आणतो. तुमच्या डोंगरानं ते गाणं असंच ऐकलं, दर सणाला. तुमच्या आईनं असंच पाठ केलं. तिनं काही गाळलं नाही. तुम्हीही काही शिवलं नाही."

डोंगरावरच्या सगळ्या बायका एकदम डोळ्यांसमोर आल्या. दारादारात बसलेल्या, भाकऱ्या थापणाऱ्या, कपडे आपटणाऱ्या. सगळ्यांना ते गाणं तसंच येत असणार. सगळ्यांचे हात त्याच जागी उडत असणार.

भाऊंनी सुई ठेवली. खरखर सुरू झाली. ते म्हणाले, "मला ऐकू येणार नाही. तुम्ही पाखडा. मी बघतो."

मी पाखडायला लागले. तीच अनोळखी सुरुवात. मग अंतरा. ओळ खाली यायला लागली. मी प्लेअरकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते. ओळ विझायला आली, आणि खट् असा बारीक आवाज झाला, आणि ओळ उडाली. माझे हात तिच्याबरोबर गेले. मी उडवले नाहीत, ते गेले. तांदूळ वर गेले आणि सुपात परत आलेच नाहीत. भाऊंच्या चादरीवर, त्यांच्या छातीवर, उशीवर, सगळीकडे तांदूळ.

भाऊ माझ्या हातांकडे बघत होते. त्यांचे खांदे हलले.

"बसलं," ते म्हणाले.

त्यानंतर मी रोज दुपारी जायची. पुरणपोळी नेली, शिमगा नसताना. ते एका वेळी चतकोर खायचे. मी त्यांना विचारलं होतं, तबकडीचं काय ठरवायचं. ते म्हणाले, घासाघीस करायची तर बरा झाल्यावर करू, आत्ता तुम्ही मला लुटाल. बरे झाले नाहीत. सात आठवड्यांनी गेले. तबकडी वहिनींनी माझ्या हातात दिली आणि भाव करायला समोर कोणी नव्हतं.

त्या गाण्याची साफ, पूर्ण प्रत आता मुलीच्या फोनमध्ये आहे. नाव कळल्यावर लगेच मिळाली. लोक म्हणतात, फार गोड आहे. असेल. मला ते मधेच उगाच लांबवल्यासारखं वाटतं. दादाला मी फोनवर सुईचं गाणं ऐकवलं, गावी. उडी आली तेव्हा त्याने ती पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाला, ह्याच्यावर तर आये सूप मारी. एवढंच म्हणाला. मला पुरे होतं.

आता तक्रार.

तबकडीबरोबर वहिनींनी ती "राहिलेली" गाण्यांची वहीही मला दिली. माझं पान शोधायला वेळ लागला नाही. वर भाऊंच्या उभ्या अक्षरात लिहिलं होतं: परबबाई. घाटकोपर, डोंगर. आई. सूप. ओळ खाली येते, लगेच वर उडते. त्याखाली वेगळ्या शाईत दुसरी नोंद. तारीख आमच्या भांडणाच्या दिवसाची. शटर ओढायच्या आधी लिहिली असणार. "बाईंचा हात खरा आहे. माझं गाणंही खरं आहे. मग मधे काय झालं, ते शोधायचं."

म्हणजे त्यांनी त्याच संध्याकाळी मान्य केलं होतं. माझा हात खरा आहे, हे ते त्याच संध्याकाळी लिहून मोकळे झाले होते आणि मी पलीकडे चार वर्षं, आपण आईचं गाणं रचलं की काय, या भीतीत बसले होते. पुरावा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा स्वभाव, ते मला कळतं. पण अर्धं तरी सांगायचं. आम्ही व्यापारी लोक अर्ध्यावरही सौदा मिटवतो.

भिंत चार इंचांची होती. मी शिंकले तर त्यांच्या गिऱ्हाइकाला कळायचं. एकदा बोटाने वाजवली असती तरी चाललं असतं. मीही वाजवली नाही, हे खरं आहे. पण वही त्यांच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती.